गैरहजर सेक्रेटरींची बिनविरोध निवड

त्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता उमेदवारी अर्जांची मुदत संपत होती आणि पावणेपाचपर्यंत एकही अर्ज आला नव्हता. यात काळजीचं काही कारण नव्हतं. गेल्या एकोणीस वर्षांत पावणेपाचपर्यंत कधीच अर्ज आला नव्हता.

सूचनाफलकावर कागद पंधरा दिवस टांगलेला होता. शहाण्णव सदनिकांच्या या सोसायटीच्या कार्यकारिणीवर सात जागा असून इच्छुक सभासदांनी अर्ज भरावेत, असं त्यात म्हटलं होतं. 'इच्छुक' या शब्दाशेजारी कोणीतरी पेन्सिलीनं एक हसरा चेहरा काढला होता. शेवटी नेहमीप्रमाणे सेक्रेटरींनी कोरे अर्ज काखेत मारले, चपला घातल्या आणि ते दारोदार निघाले. बातमी त्यांच्यापुढे एक मजला धावत होती. तिसऱ्या मजल्यावर टीव्हीचे आवाज बंद पडले, चौथ्यावर पडदे ओढले गेले, आणि पाचव्यावर एका दाराच्या भिंगामागे काळोख झाला. तो काळोख श्वास घेत होता.

तरी सहा जण सापडले. अध्यक्षकाकांनी स्वखुशीनं सही केली, कारण त्यांना अध्यक्षच व्हायचं होतं; ते कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते आणि समोर टेबल नसलं तर त्यांना जेवण जात नसे. वकीलवहिनींनी अटी वाचून सही केली. दातांचे डॉक्टर लिफ्टमध्ये सापडले, आणि दोन मजल्यांच्या मध्ये माणूस कुठे पळणार? उरलेल्या तिघांनी पार्सलची पोच समजून सही केली.

सेक्रेटरी घरी आले तेव्हा त्यांची लेक ताटं मांडत होती. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, आणि आई गेल्यापासून घरात दोघंच होती.

"किती मिळाले?" तिनं विचारलं.

"सहा. त्यातल्या तिघांना अजून पत्ता नाही."

"आणि सातवा?"

"सातव्यासाठी फार लांब जावं लागणार नाही."

"बाबा, यंदा नको म्हणा ना."

"म्हणेन की. पण नको म्हणायला आधी कुणीतरी विचारायला हवं. मला कोणी विचारतच नाही, परस्पर करून टाकतात."

हे अक्षरशः खरं होतं. सभासद सात जणांना निवडतात आणि ते सात जण पहिल्या बैठकीत आपसातून पदाधिकारी निवडतात, असा नियम आहे. पण कोणाला कोणतं पद द्यायचं याबद्दल नियमावली गप्प आहे, आणि जिथे नियमावली गप्प असते तिथे पद्धत बोलते. या सोसायटीची पद्धत अशी होती, की पहिल्या बैठकीला जो गैरहजर, तो सेक्रेटरी. एकोणीस वर्षांपूर्वी बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून ते बैठकीला गेले नाहीत, आणि परतले ते सेक्रेटरी होऊनच. त्यानंतर मात्र ते एकही बैठक चुकवत नसत. पण दर वेळी खुर्ची एक कमी पडे. "जरा खुर्ची आणता का?" असं कोणीतरी म्हणे, ते खाली जाऊन खुर्ची घेऊन वर येत आणि दारातच टाळ्या सुरू होत.

त्यांनी आपला अर्ज लेकीपुढे सरकवला. "बघ गं, काही राहिलंय का."

"पद स्वीकारण्यामागची भूमिका, हा रकाना कोरा आहे."

"तो कोराच असतो," सेक्रेटरी म्हणाले. मग सहाला पाच कमी असताना खाली जाऊन त्यांनी सातही अर्ज दाखल केले, वर येऊन निवलेली भाजी जेवले आणि म्हणाले, की पंपाचा आवाज बदलल्यासारखा वाटतोय, सकाळी टाकी बघून येतो.

शुक्रवारी सकाळी पावणेसातला ते गच्चीवर गेले. टाकी पाहिली असावी, कारण झाकण नीट लावलेलं होतं. उतरताना पाचव्या मजल्याच्या वळणावर ते पायरीवर बसले. डॉक्टरांनी नंतर दाखल्यावर जी वेळ लिहिली ती सात ते सव्वासातच्या दरम्यानची होती.

सव्वासात ते सव्वाआठ या वेळात तिथून तिघं जण गेले. पहिल्यानं शेजाऱ्याच्या बुटांच्या कपाटाबद्दल सांगितलं, दुसरीनं वरून ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल, आणि तिसऱ्यानं एकूणच. सेक्रेटरींनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकून घेतलं, असं तिघांचंही मत पडलं. चौथी बाई मात्र कडक होती. तिनं लेकीच्या दाराची बेल वाजवली आणि सांगितलं, "तुमचे बाबा जिन्यात बसलेत आणि विचारलं तर उत्तर देत नाहीत. हे काही बरोबर नाही."

पुढचे दोन दिवस त्या घरात जे झालं ते इथे सांगायचं कारण नाही. तो कार्यकारिणीच्या कक्षेतला विषय नव्हे.

सोमवारी लेक कामावर निघाली तेव्हा सूचनाफलकावर नवा कागद होता. सात जागांसाठी सातच वैध अर्ज आल्यानं पुढील सात उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर करण्यात येत होतं. चौथं नाव बाबांचं होतं. तिनं ते सवयीनं दोनदा तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.

निवडणूक अधिकारी बाहेरून आलेला होता. मीटरच्या खोलीशेजारच्या कचेरीत तो शिक्के पुसत बसला होता.

"हे चौथं नाव माझ्या वडिलांचं आहे," ती म्हणाली. "ते शुक्रवारी वारले."

"कळलं मला. फार वाईट झालं, ताई. किती वाजता?"

"सातच्या सुमाराला."

"माघारीची मुदत दुपारी बारापर्यंत होती," तो हळहळून म्हणाला. "म्हणजे पाच तास होते हो हातात."

"अहो, वारलेला माणूस निवडून कसा येईल?"

त्यानं एक कागद तिच्यापुढे ठेवला. "ही अपात्रतेची यादी. वयानं अज्ञान, शिक्षा झालेला, बेकायदा बांधकाम केलेला, सोसायटीशी व्यवसाय करणारा. तुम्हीच वाचा. मयत कुठे दिसतंय का?"

तिनं वाचलं. मयत कुठेच नव्हतं.

"मग ही माघारच धरा ना."

"माघार म्हणजे स्वेच्छेनं. ते स्वेच्छेनं गेले का?"

"नाही."

"मग झालं तर." त्यानं शिक्का जागेवर ठेवला. "आणि खरं सांगू का, ताई? इतक्या वर्षांत मी पुष्कळ निवडणुका पाहिल्या. ज्याच्याविरुद्ध एक शब्द आला नाही असा उमेदवार हा पहिलाच."

ती अध्यक्षकाकांकडे गेली. काकांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

"बाळ, मला काय कळत नाही का? पण सातातला एक गेला तर उरतात सहा. सहाची कार्यकारिणी चालत नाही. मग फेरनिवडणूक. फेरनिवडणुकीला कोण उभं राहणार? कोणी नाही. मग सरकार प्रशासक नेमतं." ते पुढे वाकले. "प्रशासक म्हणजे बाहेरचा माणूस. तो नियमानं वागतो."

हा शेवटचा शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारला, की तिलाही क्षणभर भीती वाटली. त्यांच्या पाठीमागे, नकाशात जिथे मोकळी गॅलरी होती तिथे, त्यांचं देखणं स्वयंपाकघर होतं. ज्या इमारतीत एकाही गॅलरीचा नकाशाशी मेळ बसत नाही, जिन्याच्या प्रत्येक वळणावर कोणाचं तरी कपाट उभं आहे आणि गच्चीवर तीन जणांच्या खाजगी बागा आहेत, तिथे नियमानं वागणारा माणूस म्हणजे भूकंपच.

वकीलवहिनींनी त्याच संध्याकाळी सर्वांना तोंडी सल्ला दिला. शोक व्यक्त करणं म्हणजे पद रिकामं झाल्याचं आपल्याला ठाऊक आहे, अशी कबुली देणं. तेव्हा सभासदांनी भावना आवराव्यात. सभासदांनी त्या लगेच आवरल्या. भेटायला निघालेले दोघं अर्ध्या जिन्यातूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये दातांचे डॉक्टर लेकीला म्हणाले, "बाबांना नमस्कार सांगा." डॉक्टर मूळचे सभ्य गृहस्थ होते. हे म्हणताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

एकोणीस वर्षं या माणसानं दर गुरुवारी टाकी पाहिली, आणि तो गेला आहे एवढं म्हणायलाही इमारतीत कोणी मोकळं नव्हतं. लेकीला वर्गणी काढून केलेली सभा नको होती, फोटो लावलेला फलक नको होता. तिला एवढंच हवं होतं, की त्यांनी बाबांना सोडावं.

नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक शुक्रवारी सहाला ठरली. बैठका सेक्रेटरींच्या घरी होत, कारण तिथे चहा मिळे. साडेपाचलाच सगळे हजर होते. दातांच्या डॉक्टरांचा पाय मधल्या काळात घसरून मोडला होता, तर ते प्लास्टरसकट, दोघांच्या खांद्यावरून आले. गैरहजर राहण्यापेक्षा कळा परवडल्या. यंदा खुर्च्याही पुरेशा होत्या, तरी कोणी जागचं हलत नव्हतं. एकाला ठसका लागला, पण पाणी आणायला कोणी उठेना. अध्यक्षकाका वीस मिनिटं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर भार देत होते आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा न्हाणीघराच्या दाराकडे जात होती, पण तेही उठले नाहीत.

"आता सेक्रेटरीपद," काका म्हणाले. सहा जणांनी एकमेकांना मोजलं. सगळे सहाच्या सहा होते. "आपली जी पद्धत आहे तिला अनुसरून. गैरहजर कोण?"

सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या.

लेक चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "काका, ते नाहीत हो आता."

"तेच तर," काका मायेनं म्हणाले. "जे नाहीत त्यांनाच करायची पद्धत आहे आपली."

"पण ते काम कसं करतील?"

यावर वकीलवहिनींनी पर्समधून एक कागद काढला. शुक्रवारी सकाळी सव्वासातनंतर सेक्रेटरींनी जिन्यात तीन तक्रारी ऐकून घेतल्याचं तिन्ही तक्रारदारांनी सही करून दिलं होतं. "मृत्यूनंतरही पदाचं काम अखंड चालू होतं, याचा हा पुरावा," वहिनी म्हणाल्या. "शिवाय समाधानकारक रीतीनं."

ठराव बिनविरोध मंजूर झाला, आणि काका जवळजवळ धावतच न्हाणीघरात गेले.

निघताना लेकीनं वकीलवहिनींना दारात अडवलं. "वहिनी, हे पद सुटतं कसं?"

वहिनी वाईट नव्हत्या. फक्त त्या विचारलं तेवढंच सांगत. "तीन वाटा आहेत. एक, स्वतःच्या हातानं लिहिलेला राजीनामा."

"ती वाट गेली."

"दोन, लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहिलं तर पद आपोआप जातं. तीन, सर्वसाधारण सभेत अविश्वास ठराव."

लेकीला हायसं वाटलं. तीन बैठका म्हणजे तीन महिने. इतकं तर बाबांना सहज जमलं असतं.

पहिल्या महिन्याच्या बैठकीत प्रश्न आला, की इतिवृत्त लिहायचं कोणी. ते सेक्रेटरींचं काम. काकांनी पेन उचललं, इकडे तिकडे पाहिलं आणि लेकीच्या हातात दिलं. "तुझं अक्षर सुरेख आहे, बाळ." तिनं पहिलीच ओळ लिहिली, 'सेक्रेटरी गैरहजर.' काकांनी चष्मा लावला.

"असं कसं? फोटो आहे की समोर."

"फोटो म्हणजे हजर?"

"हजर म्हणजे बैठकीच्या जागी सर्वांना दिसणं," वकीलवहिनींनी खुलासा केला. "ते दिसतायत. उलट डॉक्टरच त्या खांबाआड आहेत."

डॉक्टरांनी घाईघाईनं प्लास्टरचा पाय ओढत खुर्ची पुढे घेतली.

दुसऱ्या महिन्यातही तसंच झालं. तिसऱ्या बैठकीआधी लेकीनं फोटो उतरवून कपाटात ठेवला. भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला. काका आले, बसले, चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लिही. सेक्रेटरी काही कामानिमित्त मध्येच उठून गेले."

"काका, ते आलेच नव्हते."

"बाळ, उठून जायचं तर आधी यावंच लागतं. म्हणजे हजेरी लागली."

एव्हाना तक्रारी तिच्या टपालपेटीत येऊ लागल्या होत्या. वर नाव बाबांचंच असे. ती घरी आल्यावर त्या वाचे. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वाचून आलेल्या माणसाला आणखी पाच-सहांचं ओझं वाटत नाही. मग ती लिफ्टवाल्याला फोन करी, प्लंबरला बोलावी, गुरुवारी सकाळी टाकी पाहून येई. पाणी वेळेवर येऊ लागलं. दिवाणखान्यातल्या फिकट चौकोनाला उद्देशून एकानं चक्क कौतुकाचं पत्र पाठवलं: 'मा. सेक्रेटरी, गेल्या काही महिन्यांत आपला कारभार फारच सुधारला आहे. पूर्वी आपण कारणं सांगत होतात.'

ते पत्र वाचलं त्या दिवशी तिनं अविश्वास ठरावाचा नमुना मागवला.

"मांडणार कोण?" वकीलवहिनींनी विचारलं.

"मी. सहसभासद आहे मी, घर दोघांच्या नावावर आहे. मांडता येतं ना?"

"मांडता येतं." वहिनींनी तिच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. "पण कारणं द्यावी लागतात गं. किमान पाच. आणि ती सेक्रेटरींच्या वर्तनाबद्दल हवीत. वारले, हे वर्तन नव्हे."

म्हणजे बाबांना सोडवायचं तर बाबांवर आरोप करायचे. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पाच कारणं सुचायला वेळ लागेल असं तिला वाटलं होतं. ती वीस मिनिटांत लिहून झाली, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी गाड्या लावायच्या जागेत भरली. अशा सभांना एरवी चौदा माणसं येत आणि त्यातली चार गाडी काढायला. पण पद्धतीची कीर्ती आता घराघरात पोचली होती. सेक्रेटरी पडले तर गैरहजर असेल त्याच्या गळ्यात पद, असं कोणीतरी उठवलं, आणि चौऱ्याण्णव घरांतून माणसं आली. एक बाई ओल्या केसांनीच आल्या. एका आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं. परगावी असलेले दोघं मोबाईलच्या पडद्यावरून हजर राहिले आणि "मी दिसतोय ना? मी दिसतोय ना?" असं दर दोन मिनिटांनी विचारत राहिले.

वकीलवहिनींनी ठरावाला अनुमोदन दिलं, केवळ अनुमोदक मिळावा म्हणून, आणि आपण विरोधात मत देणार असल्याचंही त्याच दमात सांगितलं. मग लेक उठली आणि तिनं कागद वाचायला घेतला. आवाज तिनं चढवला नाही. मुद्रित वाचून दाखवतात तसं ती वाचत गेली.

"कारण पहिलं. सेक्रेटरींची पत्नी शेवटच्या आजारात असताना एका दुपारी ते तिच्या उशाशी बसले होते. त्या दुपारी दारावरची बेल अकरा वेळा वाजली. ते अकरा वेळा उठले.

"कारण दुसरं. मुलीच्या पदवीदान समारंभाला ते पोचले तेव्हा खुर्च्या आवरत होत्या. लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलं होतं."

"मी होतो तो," दातांचे डॉक्टर पुटपुटले. त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं.

"कारण तिसरं. ते एकोणीस वर्षांत एकदाही गाव सोडून गेले नाहीत. टाकीला सोबत लागते म्हणाले.

"कारण चौथं. कोणी वाटेल ते बोललं तरी ते उलट बोलत नसत. घरी येऊन मात्र जेवताना एकही शब्द बोलत नसत. म्हणजे आमच्या वाट्याचं बोलणं ते बाहेर ऐकण्यात खर्च करत होते.

"कारण पाचवं. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, आणि हे सर्वांना माहीत होतं."

गाड्यांच्या मधून एक मांजर गेलं. कोणी चप्पल बघत होतं, कोणी नखं. आजोबांनी नाक शिंकरलं. एकीनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारणीला हळूच सांगितलं, की असा माणूस पुन्हा होणे नाही. शेजारीण म्हणाली, "म्हणून तर यांनाच ठेवू या."

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा," अध्यक्षकाका म्हणाले.

लेकीनं हात वर केला. वकीलवहिनी तिच्याजवळ आल्या आणि हलकेच तिचा हात खाली घेत म्हणाल्या, "सहसभासदाला मांडता येतं गं. मत देता येत नाही."

"बाजूनं शून्य. विरोधात?"

त्र्याण्णव हात वर गेले. मोबाईलमधून दोन. सेक्रेटरींच्या कारभारावर सभेनं शंभर टक्के विश्वास व्यक्त केल्याचं काकांनी जाहीर केलं आणि टाळ्या सुरू झाल्या. चांगली दीड-दोन मिनिटं चालल्या. एकोणीस वर्षांत खुर्ची घेऊन दारात उभं राहिल्यावर पडत त्या टाळ्या सोडल्या, तर या माणसासाठी वाजलेल्या या पहिल्याच. लोकांना इतकं हलकं वाटलं, की कोणीतरी चहाचं काय, असंही विचारलं.

"सेक्रेटरींच्या वतीनं आभाराचे दोन शब्द," काका म्हणाले आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं. मग इतिवृत्ताची वही तिच्यापुढे आहे हे ध्यानात येऊन म्हणाले, "बोलत बोलत लिहूनही घे म्हणजे झालं."

ती उठली. कागद तिच्या हातात अजून तसाच होता.

"सहावं कारण मी वाचलं नाही," ती म्हणाली. "ते सेक्रेटरींविरुद्ध नव्हतं, म्हणून नियमात बसेना."

"वेळ होत आलाय, बाळ."

"थोडंसंच आहे, काका." ती कागदाकडे न बघताच बोलू लागली. "ते थकले होते हे तुम्हाला कुणाला कळलं नाही, असं तुम्ही म्हणाल. ते खरंही असेल. तुम्ही दार उघडत नव्हता. पण मी तर त्याच घरात राहत होते. ते संध्याकाळी यायचे, आणि भिंतीला हात लावून उभे राहायचे. दिवा न लावता. मला आतून दिसायचं. शेवटची दोन वर्षं मला रोज दिसायचं."

काकांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सरकवलं.

"रोज मनात यायचं, की विचारावं, बाबा, दमलात का. एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, आणि मग राहिलेलं काम मला उचलावं लागलं असतं. म्हणून मी वाचत बसायचे. आणि त्यांची चाहूल लागली, की पान उलटायचे."